पणजीहून आल्यावर कसं बोलावं

नाशिक रोडला मंगला एक्स्प्रेसमध्ये चढतानाच ठरवून टाका: आपण कामसू, आणि जिथे चाललोय तिथली माणसं आळशी. एवढी तयारी नसेल तर पणजी नुसतंच एक छोटं, टापटीप शहर वाटेल आणि परत आल्यावर मिसळीच्या टेबलावर सांगायला काही उरणार नाही.

खरेदीला निघायचं ते बरोबर दुपारी दीड वाजता. १८ जून रस्त्यावरची बरीचशी दुकानं तेव्हा शटर ओढून जेवायला गेलेली असतात. शटरचा फोटो काढा आणि घरच्या ग्रुपवर टाका, 'हे बघा, सुशेगाद!' पोर्तुगीजमधून आलेल्या या शब्दाचा अर्थ निवांत, शांत असा आहे, पण तुम्ही तो 'ऐदी' म्हणूनच वापरा. पोदेर, म्हणजे तिथला पाववाला, सकाळी सायकलचा भोंगा वाजवत गरम पोई दारात आणून देतो आणि त्यासाठी रात्रीच कुणीतरी भट्टीशी उभं असतं, हे तुम्हाला कळायचं कारण नाही. तुम्ही तेव्हा झोपलेले असता. पोरांनी विचारलं, रस्त्याला तारखेचं नाव का, तर 'कुणाचा तरी वाढदिवस असेल' म्हणा आणि काजूच्या दुकानाकडे वळा. १९४६ साल, पोर्तुगीजांविरुद्धची मडगावची सभा, राममनोहर लोहिया वगैरे सांगत बसलात तर काजूचा भाव करायचा कधी?

पातळभाजी समोर आली की 'ही काय मिसळ झाली?' असं मोठ्याने म्हणायचं. ती मिसळ नाहीच, असं वेटरने सांगितलं तरी.

खरी मेहनत मात्र फोंतेन्हासमध्ये, पणजीतल्या जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या वस्तीत घ्यायची. अरुंद बोळ, कौलं, पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंती. (घराला पांढरा रंग नाही, तो चर्चचा, ही पोर्तुगीजांच्या वेळची रीत सांगतात.) या घरांत माणसं राहतात, आत कुणी तापाने पडलेलं असतं, कुणाच्या दहावीच्या परीक्षा असतात. काही दारांवर फोटो काढू नका अशा पाट्याही आहेत. पाटीसकट फोटो घ्या. पायरीवर बसा, मेव्हण्याला दाराला टेकवा. आजीबाईंनी खिडकी उघडलीच तर 'जरा आत होता का?' असं अदबीने विचारा. घर त्यांचं असलं तरी ऊन आत्ता तुमच्यासाठी पडलंय.

मग एक सुस्कारा टाका. 'कसं जपलंय हो लोकांनी! आपल्याकडे काही राहिलंच नाही.' हे वाक्य म्हणताना जुन्या नाशकातले तिवंधा, भद्रकाली, तिथल्या वाड्यांचे चौक आणि नक्षीचे खांब डोळ्यांसमोर येऊ देऊ नका. आपला वाडा पावसाळ्यात भिंत खचली की पेपरात येतो, तेवढं त्याला पुरे.

संध्याकाळी मांडवीकाठी बसून 'नदी असावी तर अशी' म्हणायला विसरू नका. कॅसिनोच्या बोटी मध्ये आल्या तर मान थोडी डावीकडे करा. आपण गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, शेवटचे कधी गेलो होतो, हा विचार टाळा. कुणाच्या तरी दहाव्यालाच गेलो असू. आणि तिथल्या कुंडांच्या तळाला काँक्रीट कुणी ओतलं, हा काही सुट्टीतला विषय नव्हे.

परत आल्यावर पहिल्या रविवारी बिल्डरचा माणूस वाड्याचा करार घेऊन येईल. चुलत्यांच्या सह्या आधीच झालेल्या असतील. तुम्ही लगेच करू नका. मोबाइल काढा, फोंतेन्हासची पिवळी भिंत दाखवा आणि सांगा, सातव्या मजल्याच्या बाल्कनीला हाच रंग हवा. तो म्हणेल, 'साहेब, आपल्या स्कीमचं नावच कासा गोदा ठेवतोय.' मग करा सही.

फक्त त्याला तीननंतर बोलवा. एक ते तीन आपण जरा पडतो.