दोन वर्षांचा बाँड लिहून घेण्याआधी

आज आमच्या कार्यालयातील बैठकीत एक प्रस्ताव आला आणि तो ऐकल्यापासून माझे डोके तापलेले आहे. नव्याने भरती होणारी मुले वर्ष-सव्वा वर्षात सोडून जातात, म्हणून यापुढे रुजू होतानाच प्रत्येक फ्रेशरकडून दोन वर्षांचा बाँड लिहून घ्यावा, आणि त्याआधी कोणी नोकरी सोडल्यास प्रशिक्षणाचा खर्च त्याच्याकडून वसूल करावा, असा तो प्रस्ताव. बहुतेकांनी माना डोलावल्या. "आजकालच्या मुलांना टिकायचंच नसतं," हे वाक्य तर एकाने टाकले आणि दुसऱ्याने उचलले, असे टेबलाभर फिरले. मला मात्र तेथे बसून सारखी एकच मुलगी आठवत होती.

ती पदवी घेऊन थेट माझ्या शेजारच्या विभागात लागली होती. ग्राहकांच्या तक्रारींचा अभ्यास करायचा आणि त्यातून काय सुधारता येईल ते शोधायचे, असे काम तिला मुलाखतीत सांगितले होते. ती हजर झाली त्या दिवशी तिच्यासाठी टेबल नव्हते, संगणकाचे लॉगिन नव्हते आणि ती येणार आहे हे विभागातील निम्म्या लोकांना ठाऊकही नव्हते. रजेवर असलेल्या एका सहकाऱ्याच्या खुर्चीत तिला बसवले, समोर जुन्या फायलींचा गठ्ठा ठेवला आणि "तोवर हे वाचून काढ," असे सांगितले. तो सहकारी परत आल्यावर ती आपली बॅग आणि वही उचलून प्रिंटरजवळच्या स्टुलावर जाऊन बसली. पुढे लॉगिन मिळाले, पण अभ्यासाचे काम काही मिळाले नाही. एका यादीतील नोंदी दुसऱ्या यादीत उतरवणे, एवढेच तिच्या वाट्याला आले.

आता मला कोणी सांगावे की प्रशिक्षणाचा खर्च म्हणजे नेमका कशाचा खर्च? फायलींच्या गठ्ठ्याचा, की त्या स्टुलाचा? ज्या मुलीला कोणी तासभर समोर बसवून काम समजावले नाही, तिच्याकडून शिकवण्याचे पैसे मागायला आपली जीभ कशी रेटते? बाँड हा शब्द ऐकूनच मला संताप येतो, कारण त्यामागचा विचार असा असतो की माणसाला थांबावेसे वाटेल असे काही करण्यापेक्षा त्याच्या जाण्याची वाट अडवणे सोपे.

आणि हा केवळ आजच्या पिढीचा दोष आहे, हे तर मी मुळीच मानत नाही. १९१३ साली फोर्डच्या मोटारींच्या कारखान्यात सुमारे १४,००० कामगारांची संख्या कायम राखण्यासाठी वर्षभरात ५२,००० हून अधिक माणसे भरती करावी लागली होती. ती माणसे कोणत्या मोबाईलमुळे बिघडली होती? काम जीव नकोसा करणारे होते, म्हणून लोक येत होते आणि जात होते. जानेवारी १९१४ मध्ये हेन्री फोर्ड यांनी दिवसाला पाच डॉलर मिळतील असे जाहीर केले, पाळी नऊ तासांवरून आठ तासांवर आणली आणि गळती झपाट्याने कमी झाली. त्या पाच डॉलरना कडक अटी होत्या, कामगारांच्या घरी जाऊन चौकशी होत असे, हे सगळे खरे आहे. मला त्यातील एक अट विशेष बोचते. बाविशीच्या आतील मुलांना, घरच्यांचा भार त्यांच्यावर असल्याखेरीज, ती वाढ मुळात लागूच नव्हती. सर्वांत लहान माणसाने सर्वांत कमी घ्यावे आणि तरीही सर्वांत जास्त निष्ठा दाखवावी, ही अपेक्षा शंभर वर्षांहून जुनी आहे.

पुन्हा त्या मुलीकडे येते, कारण तिची खरी गोष्ट अजून सांगायची आहे. नोंदी उतरवता उतरवता तिच्या लक्षात आले की एकच तक्रार दोन ठिकाणी नोंदवली जाते आणि दोन माणसे एकमेकांना न कळवता तिच्यावर वेगवेगळी उत्तरे पाठवतात. कोणी सांगितले नसताना तिने एक तक्ता तयार केला. दुहेरी नोंद झाली की ओळ पिवळी होईल, उत्तर गेले की हिरवी, अशी त्यात सोय होती. तो घेऊन ती विभागप्रमुखांकडे गेली. त्यांनी पडद्याकडे धड पाहिलेही नाही. "आधी दिलेलं काम पूर्ण कर, मग हे उद्योग," एवढेच ते म्हणाले. त्या दिवशी कार्यालय सुटल्यावर जिन्यात तिने मला विचारले, "मॅडम, इथे कोणाला काही दाखवायचं असेल तर कोणाकडे जायचं असतं?" मी तिला माझ्याकडे यायला सांगितले आणि ती येऊ लागलीही, पण तिच्या कामाचे वाटप माझ्या हाती नव्हते. त्यानंतर थोड्याच महिन्यांत तिने राजीनामा दिला. एक्झिट इंटरव्ह्यूच्या कागदावर तिने कारण लिहिले, "अधिक चांगली संधी". तेथे प्रत्येक जण हेच लिहितो, कारण पुढच्या नोकरीसाठी याच साहेबांकडून अनुभवाचे पत्र हवे असते. मग आपण तेच कागद पुढे करून म्हणतो की मुले पैशांसाठी जातात.

काही मुले खरोखरच बेफिकीर असतात, हे मी नाकारत नाही. ऑफर लेटर घेऊन रुजू व्हायच्या दिवशी फोनसुद्धा न उचलणारे असतात आणि त्यांच्यामुळे बाकीच्यांची धावपळ होते, ती मीही केली आहे. पगार कमी असेल तर नुसत्या आपुलकीवर कोणी थांबत नाही, हेही मान्य. पण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात १५ ते २४ वयोगटातील सुमारे साडेसहा कोटी तरुण बेरोजगार होते. अशा जगात हाती आलेली पहिली नोकरी कोणी सोडते, तेव्हा ती लहर असते असे धरून चालणे मला अन्यायाचे वाटते.

लिहिता लिहिता राग थोडा ओसरला आहे, म्हणून हेही सांगते की करायला हवे ते अवघड नाही. नोकरीत काय कंटाळवाणे आहे आणि काय चांगले आहे, हे मुलाखतीतच खरे सांगावे. जॉन वॅनस यांच्यासारखे नोकरभरतीचे अभ्यासक १९७० च्या दशकापासून हेच सांगत आले आहेत, आणि ते सांगायला एक पैसा खर्च होत नाही. त्या मुलीला "पहिले सहा महिने नोंदीच कराव्या लागतील, मग अभ्यासाचे काम देऊ," असे कोणी म्हटले असते तर तिने ते केले असते, अशी माझी खात्री आहे. नव्या माणसाला पहिल्या दिवशी टेबल आणि लॉगिन तयार असावे. त्याच्या शंका ऐकण्याची जबाबदारी एका ठरावीक ज्येष्ठ व्यक्तीवर असावी, आणि त्या व्यक्तीच्या रोजच्या कामातून तेवढा वेळ मोकळा करून दिलेला असावा. हा शेवटचा भाग सगळे विसरतात. ज्याच्या डोक्यावर आधीच दोघांचे काम आहे, त्याला "हिलाही जरा शिकव," असे म्हटले की तो चिडतो, आणि त्याची चिडचिड नव्या मुलीवर निघते.

तो पिवळ्या-हिरव्या ओळींचा तक्ता शेजारच्या विभागात आजही रोज उघडला जातो. आजच्या बैठकीत पडद्यावर दाखवलेले आकडेही त्यातूनच काढलेले होते, आणि ते दाखवणाऱ्यांनीच पुढच्या पानावर बाँडचा प्रस्ताव मांडला.

प्रस्ताव पुढच्या आठवड्यात मंजुरीसाठी येणार आहे. मी लेखी विरोध देणार आहे आणि त्यासोबत नव्या कर्मचाऱ्यांच्या पहिल्या महिन्याचे एक वेळापत्रक जोडणार आहे. तुमच्यापैकी जे गेल्या दोन-तीन वर्षांत पहिल्या नोकरीला लागले, त्यांनी आपला पहिला आठवडा कसा गेला ते मला इनबॉक्समध्ये कळवावे. नावे आणि कार्यालये मी कोठेही उघड करणार नाही. आणि ज्यांच्या हाताखाली नवी मुले आहेत, त्यांनी ती टिकावीत म्हणून प्रत्यक्षात काय केले आणि त्याचा काय उपयोग झाला, ते खाली लिहावे. मला ते त्या कागदाला जोडायचे आहे.