होंडुरासशी आपला काय संबंध?

सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर बेर्ता कासेरेसचा फोटो टाकला. मध्य अमेरिकेतल्या होंडुरासमध्ये नदीसाठी लढलेली बाई. आज २ मार्च, तिला मारलं तो दिवस. खाली दोन ओळी, आणि तिथल्या नद्यांसाठी भांडणाऱ्या माणसांना संरक्षण द्या म्हणणाऱ्या निवेदनाची लिंक. चहा निवायच्या आत उत्तर आलं, "बाई, आधी सोसायटीच्या टँकरचं बघ. होंडुरासशी आपला काय संबंध?" पुढे हसणारे चार पिवळे चेहरे. मग आणखी तिघांनी तेच चेहरे डकवले.

तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय. इथे तरी माझी माणसं आहेत.

१९९३ ची गोष्ट. आम्ही धुळ्याला राहायचो. नंदुरबार तेव्हा वेगळा जिल्हा झाला नव्हता, मणिबेली आमच्याच जिल्ह्यातलं गाव. आत्या शाळेत शिकवायची आणि इंग्रजी बरं म्हणून रविवारी नर्मदा बचाओ आंदोलनाची पत्रं वाचून द्यायची. मोर्चासाठी अक्कलकुव्याकडून आलेली एक बाई त्या दिवशी आमच्या घरी मुक्कामाला होती. आत्यानं तिला जपानहून आलेलं एक पोस्टकार्ड वाचून दाखवलं. मजकूर साधाच, आम्ही तुमच्या बरोबर आहोत वगैरे. बाईनं कार्ड हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, "यांच्याकडे पण नदी आहे का?"

आत्या म्हणाली, "असेल."

"असेल नाही. विचार."

मी नऊ वर्षांची होते. मला त्या कार्डावरच्या तिकिटाशी मतलब होता. पण तो "विचार" कानात राहिला तो राहिलाच.

तर, काय संबंध? सांगते. बेर्ता तिथल्या लेंका या आदिवासी समाजाची. ग्वालकार्के ही त्यांची पवित्र नदी, तिच्यावर आग्वा झार्का नावाचं धरण येणार होतं. रिओ ब्लांकोच्या गावकऱ्यांनी २०१३ मध्ये रस्ता अडवला आणि महिनोन् महिने अडवून धरला. त्याच वर्षी जुलैत तोमास गार्सिया नावाच्या त्यांच्या नेत्याला निदर्शनात एका सैनिकानं गोळी घातली. चिनी कंत्राटदार निघून गेला. आणि मग धरणाला पैसा कुणाचा? नेदरलँड्स आणि फिनलंडच्या विकास वित्तसंस्थांचा! वाचलंत ना? पवनचक्क्या आणि ट्युलिपवाल्या देशाचा. त्यांचा होंडुरासशी काय संबंध, असं कुणी विचारलं का? पैसा सातासमुद्रापलीकडून आला की ती गुंतवणूक, आणि पोस्टकार्ड आलं की ढवळाढवळ.

आपल्याकडे वेगळं काय होतं? सरदार सरोवराला जागतिक बँकेनं १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. टर्बाइनचे पैसे जपान देणार होता. तिथल्याच लोकांनी स्वतःच्या सरकारच्या मागे लागून १९९० मध्ये ते थांबवायला लावले. ते पोस्टकार्ड उगाच नव्हतं आलं! मग बँकेनंच नेमलेल्या मोर्स समितीचा अहवाल, आणि १९९३ मध्ये उरलेलं कर्ज भारतानंच सोडून दिलं. पुढच्या वर्षी मोठ्या धरणांना बँकेनं पैसे देणं थांबवावं म्हणून ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी एक जाहीरनामा काढला. त्याचं नाव काय? मणिबेली जाहीरनामा. आमच्या जिल्ह्यातलं, पाण्याखाली गेलेलं ते गाव. माझ्या ग्रुपमधल्या निम्म्यांना मणिबेली नकाशावर दाखवता येणार नाही. होंडुरास तर सोडाच.

हो, धरण झालंच. १३८.६८ मीटर. कच्छ-सौराष्ट्रात पाणी गेलं, तेही खरं. आणि हो, आमच्यासारख्यांची एकजूट बरेचदा फोटो बदलण्यापुरतीच असते, मीही त्यातलीच. झालं समाधान?

बेर्तालाही बाहेरच्या जगानं वाचवलं नाही. आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगानं तिला संरक्षण द्या म्हणून २००९ मध्येच सांगितलं होतं. २०१५ मध्ये पर्यावरणासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला, १९९२ मध्ये मेधाताईंना मिळालेला तोच. वर्ष सरायच्या आत, २०१६ च्या या रात्री ला एस्पेरांसा गावात (नावाचा अर्थ 'आशा', देवा!) मारेकरी तिच्या घरात शिरले.

घरात एक पाहुणा होता. गुस्ताव्हो कास्त्रो, मेक्सिकोचा कार्यकर्ता. त्यालाही गोळ्या लागल्या, तो मेल्यासारखा पडून राहिला म्हणून वाचला. बेर्तानं त्याच्या हातांत प्राण सोडला. डोळ्यांनी पाहणारा तो एकटा साक्षीदार, आणि होंडुरास सरकारनं त्यालाच महिनाभर देशाबाहेर जाऊ दिलं नाही.

तो बाहेरचा माणूस होता. त्याचा काय संबंध होता तिथे झोपायचा?

इथपर्यंत लिहिताना राग थोडा उतरलाय. ज्यानं ते चेहरे टाकले तो वाईट मुलगा नाही, माझ्या बाबांच्या आजारपणात रात्रभर दवाखान्यात बसला होता. पण तेव्हा त्यानं 'काय संबंध' विचारलं नव्हतं.

२०१७ मध्ये डच आणि फिन्निश पैसा निघून गेला. सात जणांना २०१८ मध्ये दोषी ठरवलं. धरण कंपनीचा माजी प्रमुख दाविद कास्तियो २०२१ मध्ये दोषी ठरला आणि त्याला पुढच्या वर्षी साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. कंपनीच्या वरच्या माणसाला शिक्षा होणं, आपल्याकडे आठवून बघा कधी. तिची मुलं आणि तिची संघटना देशोदेशी दारं ठोठावत राहिली, म्हणून. आणि तरी २०२४ च्या सप्टेंबरात त्याच देशात नदीसाठीच लढणाऱ्या हुआन लोपेसला मारलं. त्यालाही संरक्षण द्या म्हणून आयोगानं सांगितलेलंच होतं.

दुपारी आत्याला फोन केला, बेर्ताचं सगळं सांगितलं. विचारलं, ते जपानचं कार्ड आठवतं का, त्या बाईनं नदीचं विचारायला लावलं होतं? मला वाटायचं उत्तर आलंच नाही.

"आलं होतं की. नाव लिहिलं होतं त्यांनी. मीच विसरले बघ आता." मग थोडं थांबून, "तुझ्या त्या बाईची नदी कुठली?"

"ग्वालकार्के."

"थांब, पेन आणते. हळू सांग."