आमच्या क्लबाची थकबाकी

जळगावात राहून बार्सिलोनाच्या फुटबॉल क्लबावर जीव लावणे ही मुळातच गैरसोयीची गोष्ट आहे. स्पेनमध्ये रात्री नऊला सुरू होणारा सामना आपल्याकडे उन्हाळ्यात साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला लागतो, घरातली मंडळी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करायला लावतात, आणि गोल झालाच तर तोंडावर उशी दाबून आनंद साजरा करावा लागतो. हे सगळे मी हौसेने सोसत आलो आहे. क्लब हरला तर तेही सोसतो. सोसवत नाही ते एकच, सकाळी मेहरूण तलावाच्या फेरीत होणारे आमच्या क्लबाच्या ताळेबंदाचे जाहीर वाचन.

आमच्या फेरीत रेआल माद्रिदचे, म्हणजे आमच्या कट्टर प्रतिस्पर्धी क्लबाचे, तीन समर्थक आहेत. अप्पा एका बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त झाले, नाना केळीचे व्यापारी आहेत आणि आबांची अमळनेरकडे कपाशीची शेती आहे. आबा रेआलचे झाले ते केवळ मी बार्सिलोनाचा आहे म्हणून. ऑफसाइड म्हणजे काय हे या तिघांपैकी एकालाही धड सांगता येणार नाही. पण मुद्दल, व्याज, तारण, थकबाकी आणि जप्ती या विषयांत त्यांचा हात धरणारा माणूस जिल्ह्यात मिळणे कठीण. मुंबई-पुण्याकडचा विरोधक ‘तुमचा क्लब दिवाळखोर’ अशी एक आरोळी ठोकून मोकळा होत असेल. आमच्याकडे पीककर्ज, सोनेतारण किंवा पतसंस्थेत अडकलेली ठेव यांपैकी काहीतरी घरटी असतेच, त्यामुळे हीच थट्टा तपशीलवार, कलमवार आणि व्याजासकट होते.

तिची सुरुवात ऑगस्ट २०२१ मध्ये झाली. ५ तारखेला क्लबाने मेस्सीला ठेवणे शक्य नसल्याचे जाहीर केले, ८ तारखेला तो पत्रकारांसमोर रडला, त्याच्या पत्नीने त्याला डोळे टिपायला कागदी रुमाल दिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी खांद्यावरचा बागायती रुमाल काढून भर रस्त्यात माझ्यापुढे धरला. निम्म्या पगारावर खेळण्याची मेस्सीची तयारी होती, तरीही नियमांत बसवून त्याला ठेवता आले नाही, हे कळल्यावर तर त्यांनी तो रुमाल माझ्याकडेच राहू दिला. आठवडाभराने क्लबाचे अध्यक्ष लापोर्ता यांनी कर्जाचा आकडा सांगितला: १३५ कोटी युरो, म्हणजे तेव्हाच्या भावाने पावणेबारा हजार कोटी रुपयांच्या घरात. शिवाय पगारांचा खर्च एकूण उत्पन्नाच्या १०३ टक्के असल्याचेही त्यांनीच सांगितले. “शंभर रुपये मिळकत आणि एकशे तीन रुपये पगार,” अप्पा शांतपणे म्हणाले. “सर, वरचे तीन रुपये कुठून येतात?” हा प्रश्न त्यांनी मला अशा सुरात विचारला की जामीनदार म्हणून कागदावर माझी सही असावी. तेव्हापासून त्यांनी मला जामीनदारच धरले आहे.

कर्ज झाले कसे, हे समजावून सांगण्याचा मी प्रयत्न केला. २०१७ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या क्लबाने आमचा नेमार २२.२ कोटी युरोंना उचलला. तो पैसा हाती असताना आम्ही डेम्बेले १०.५ कोटींना आणि पुढच्या जानेवारीत कुटिन्यो १२ कोटींना घेतला, त्या दोघांचे बोनस वेगळे. २०१९ मध्ये ग्रीझमान पुन्हा १२ कोटींना आला, आणि त्यानंतर करोनाने मैदानाची दारेच बंद केली. नानांना हे सांगण्याची गरजच नव्हती. “खिशात किती आहेत हे बाजारभर सांगून सौद्याला बसलं की भाव चढणारच ना भो,” असे म्हणून त्यांनी एका वाक्यात प्रकरण निकालात काढले. आबांना मात्र कुटिन्योची गोष्ट फार आवडली. आम्ही हा खेळाडू बायर्न म्युनिकला उसना दिला होता, आणि १४ ऑगस्ट २०२० रोजी लिस्बनमध्ये त्याच बायर्नने आम्हाला ८-२ असे हरवले, तेव्हा शेवटचे दोन गोल त्यानेच केले. “पैसा बी तुम्हना, गडी बी तुम्हना, आनि गोल बी तुम्हनावरच!” असे म्हणत आबा तलावाच्या कठड्यावर बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

मग मी सांगितले की या क्लबाला कोणी एक मालक नाही, तो लाखाहून अधिक सभासदांचा आहे. ते सहानुभूतीसाठी सांगितले होते. पण सभासद, संचालक मंडळ, अविश्वास ठराव हे शब्द कानावर पडताच तिघांचीही पावले मंदावली. आधीचे अध्यक्ष बार्तोमेऊ यांच्यावर ठराव येऊ घातला होता, त्यावर मतदान होण्याआधीच ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांनी राजीनामा दिला, मार्च २०२१ मध्ये निवडणूक झाली, हे ते भक्तिभावाने ऐकत राहिले. “बिनविरोध झाली का?” आबांनी विचारले. नाही म्हटल्यावर त्यांना क्लबाबद्दल थोडा आदर वाटल्याचे दिसले. तो टिकला नाही.

कारण स्पेनची लीग प्रत्येक क्लबाला संघावरील खर्चाची मर्यादा आखून देते, आणि मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेल्या यादीत रेआलची मर्यादा सुमारे ७३.९ कोटी युरो होती, तर आमची उणे १४.४ कोटी. ही बातमी अप्पांनी तलावाच्या काठी वाचली आणि ते चालता चालता थांबले. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, मोबाईल आधी लांब आणि मग जवळ धरला, आकड्याआधीची आडवी रेघ म्हणजे काचेवरचा ओरखडा तर नाही ना, हे पाहण्यासाठी तिच्यावर नख घासले. “मर्यादा शून्य असू शकते,” ते म्हणाले. “कर्ज नामंजूर झालं की ती शून्यच असते. पण उणे? म्हणजे माणूस कर्ज मागायला आला आणि बँकेनं त्याच्याच खिशातले काढून घेऊन त्याला घरी पाठवला, असं झालं हे.” त्यांच्या आवाजात टिंगल नव्हती, कौतुक होते; सबंध नोकरीत जे पाहायला मिळाले नाही ते निवृत्तीनंतर मिळाल्याचे. मर्यादेबाहेरच्या क्लबाने चार युरो वाचवले तरच त्याला एक खर्चता येईल, हा तेव्हाचा नियम ऐकून तर “हा नियम करणारा माणूस मला भेटवा,” असे ते म्हणाले.

पुढे २०२२ च्या उन्हाळ्यात आमच्या अध्यक्षांनी मर्यादा वर उचलण्यासाठी ‘तरफा’ लावल्या. लीगच्या दूरचित्रवाणी हक्कांच्या उत्पन्नातला २५ टक्के वाटा २५ वर्षांसाठी सिक्स्थ स्ट्रीट नावाच्या अमेरिकी गुंतवणूक कंपनीला विकला. त्यातल्या पहिल्या १० टक्क्यांचे २०.७५ कोटी युरो मिळाले. बार्सा स्टुडिओज या उपकंपनीचा ४९ टक्के हिस्सा २० कोटींना विकायचे ठरले. त्या बळावर लेवांडोव्स्की, राफिन्या आणि कुंदे आले, आणि सप्टेंबरात आमची मर्यादा उण्यावरून थेट ६५.६ कोटींवर गेली.

हे ऐकून नानांनी चपला काढल्या आणि बाकावर मांडी घातली. “उभी बाग विकणारे मी रोज पाहतो,” ते म्हणाले. “घड निसवायच्या आधी सौदा करणारेही पाहिलेत, अडचण असते माणसाला. पण कंद लावायच्या आधी त्याच्या पिलांवर पुढे येणारी पंचवीस वर्षांची पिलबाग विकायची आणि त्या पैशात लग्नाला बँड आणायचा, हे मी रावेर, यावल, चोपडा कुठेच पाहिलेलं नाही.” त्या बँडवाल्याने, म्हणजे लेवांडोव्स्कीने, पहिल्याच हंगामात लीगमध्ये २३ गोल करून आम्हाला विजेतेपद मिळवून दिले, हे मी बाणेदारपणे सांगितले. “बँड चांगला वाजला हे मान्य,” नाना म्हणाले, “बाग कोणाची, ते सांगा.” मग उपकंपनी घेणाऱ्यांचे पैसे वेळेवर आलेच नाहीत, ही बातमी आली, आणि नाना एकदम गंभीर झाले. उधारी अडकण्याचे दुःख त्यांना ठाऊक होते. त्यांनी काही न बोलता माझ्या पाठीवर हात ठेवला. आजवरच्या सगळ्या टिंगलीपेक्षा तो हात मला जास्त झोंबला.

प्रतिहल्ला मी केला नाही असे नाही. रेआलही सभासदांच्याच मालकीचा आहे, त्याच्यावरही शतकाच्या आरंभी कर्ज साचले होते, आणि २००१ मध्ये फ्लोरेंतिनो पेरेस यांनी सरावाची जुनी जागा, महापालिकेकडून वापर बदलून घेऊन, विकली आणि ते फेडले. त्या जागेवर आज गगनचुंबी मनोरे उभे आहेत. हे मी मोठ्या तयारीने मांडले आणि टाळी कुठून येते याची वाट पाहिली. टाळी आली, पण आबांची आणि पेरेस यांच्यासाठी. “एनए करी लिधी ना? मंग हुशार शे!” शेतजमीन बिनशेती करून विकणाऱ्याबद्दल आमच्याकडे जो आदर आहे, त्यापुढे माझा मुद्दा टिकणे शक्य नव्हते. शेजाऱ्यांनी आवाजाच्या तक्रारी केल्यामुळे २०२४ मध्ये रेआलला आपल्या मैदानातले गाण्याचे कार्यक्रम थांबवावे लागले, हेही मी सांगून पाहिले. अप्पांनी एका हंगामात १०० कोटी युरोंपुढे उत्पन्न नेणारा पहिला क्लब कोणता, एवढेच विचारले.

खरा छळ मात्र आमचा क्लब जिंकू लागल्यावर सुरू झाला. २०२४-२५ च्या हंगामात आम्ही रेआलला चारही वेळा हरवले: त्यांच्याच मैदानावर ४-०, जेद्दाहमध्ये सुपर कपच्या अंतिम सामन्यात ५-२, सेव्हियात राजाच्या चषकाच्या अंतिम सामन्यात ३-२ आणि मे महिन्यात ४-३. फुटबॉलवर बोलायचे असते तर त्या तिघांना तलावाकडे फिरकायलाही तोंड नव्हते. पण ते यायचे, उलट माझ्या आधी येऊन बसायचे. आमचा खेळाडू दानी ओल्मो याची लीगमधली नोंदणी ३१ डिसेंबरला संपली होती, खर्चाच्या मर्यादेत बसत नाही म्हणून लीगने ती वाढवून द्यायला नकार दिला होता, आणि ८ जानेवारीला सरकारी क्रीडा परिषदेने तात्पुरती परवानगी दिल्यावर तो खेळू शकला होता. सुपर कपचा सामना १२ जानेवारीचा. १३ ला सकाळी मी पाच बोटे नाचवत पोहोचलो, तर अप्पा म्हणाले, “झाले पाच गोल, पण स्थगितीवर झाले. अंतिम निकाल लागू द्या.” त्याच सुमारास क्लबाने, नूतनीकरण चालू असलेल्या आपल्या मैदानातल्या ४७५ खास खुर्च्यांचे हक्क १० कोटी युरोंना विकले होते. नानांनी मोबाईलवर भागाकार केला. एका खुर्चीला एक कोटी ऐंशी लाख रुपयांच्या पुढे पडत होते. “खुर्ची सोनानी शे का?” आबांनी विचारले. ती खुर्ची अजून बसवलेलीही नाही, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. ते अप्पांनी सांगितले.

थंडीत नानांच्या यावलकडच्या शेतात भरीत पार्टी झाली. बामणोदची हिरवी, लांबोडकी वांगी कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांवर भाजली जात होती, साल काळी पडून फुटली की आतून वाफ सुटत होती, आणि आबा चटके बसणारी बोटे कानाच्या पाळीला लावत साल सोलत होते. मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, शेजारी कळण्याच्या पुऱ्यांची टोपली. अप्पा डायरी घेऊन वर्गणी गोळा करत होते, माणशी तीनशे. माझ्या खिशात दोनशेच होते आणि शेतात मोबाईलला रेंज नव्हती.

अप्पांनी डायरीत माझ्या नावापुढे उणे शंभर असे लिहिले आणि खालचा आकडा वाचून दाखवला. “या मर्यादेत पानाची नोंदणी होत नाही,” ते म्हणाले. मी उद्या देतो म्हणालो, तर तुमच्या क्लबाची पत पाहता उधार नाही, असे उत्तर मिळाले. अखेर नानांनीच मार्ग काढला: त्यांनी माझे शंभर भरायचे आणि बदल्यात माझ्या पानातल्या भरीताचा चौथा हिस्सा, पुढच्या पंचवीस पार्ट्यांपर्यंत, त्यांचा. भूक अनावर झाली होती. मी डायरीत सही केली. नानांनी लगेच माझ्या पानातले चौथाई भरीत उचलले, आणि पाठोपाठ आबांनी हात घालून माझ्या चारांपैकी दोन पुऱ्या नेल्या. करारात पुऱ्यांचा उल्लेख नाही, असा मी आक्षेप घेतला. अप्पांनी डायरी चाळली, चष्मा पुसला आणि निर्णय दिला की पुऱ्या उपकंपनीत मोडतात, तिचा ४९ टक्के हिस्सा आबांनी नुकताच विकत घेतला आहे, आणि दोन म्हणजे थोड्या जास्त झाल्या तरी अर्धी पुरी मोडून वाद घालू नये. आबांकडून त्याचे पैसे अजून यायचे आहेत.