हॅम्लेटचं थांबणं आणि हॅम्लेटची घाई

नमस्कार. तुम्ही प्रतिक्रिया मनापासून आणि सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शेक्सपिअरच्या नाटकातला डेन्मार्कचा राजपुत्र हॅम्लेट शोकनायक वगैरे काही नाही, तो ऐनवेळी कच खाणारा मुलगा आहे. बापाच्या भुतानं खुनी कोण ते सांगितल्यावर त्यानं त्याच रात्री त्या खुन्याला, म्हणजे राजा होऊन बसलेल्या काकाला, क्लॉडिअसला संपवलं असतं, तर पुढची सगळी माणसं वाचली असती. अर्जुनही डगमगला, पण शेवटी त्यानं गांडीव उचललंच. आणि असा घुटमळणारा नायक मराठी मनाला कधी रुचलेला नाही.

शेवटच्या मुद्द्यावर फार वेळ घेत नाही. आगरकरांनी मराठीत आणलेलं हॅम्लेट, 'विकारविलसित', १८८३ साली आलं. त्यातला चंद्रसेन म्हणजे हाच हॅम्लेट. शाहूनगरवासी या नाटक मंडळीत गणपतराव जोशींनी तो रंगवला आणि त्यांच्या भूमिकांमध्ये तो सर्वांत गाजला. आपल्या प्रेक्षकानं या घुटमळण्याला डोक्यावर घेतलं होतं.

आता "त्याच रात्री" बद्दल. त्या रात्री हॅम्लेटच्या हातात आहे तरी काय? एका भुताची साक्ष. हॅम्लेट जर्मनीतल्या विटेनबर्गला शिकलेला. १५१७ साली मार्टिन ल्यूथरनं जिथून ख्रिस्ती धर्मसुधारणेला, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथाला, तोंड फोडलं, तेच हे गाव. भूत सांगतं की दिवसा मी आगीत जळून पापं फेडतो आहे. प्रॉटेस्टंट शिकवणीत स्वर्ग आहे, नरक आहे, पण असा मधला मुक्कामच नाही. मग समोर उभे आहेत ते वडील, की वडिलांचं रूप घेतलेला सैतान? ही शंका हॅम्लेट दुसऱ्या अंकात स्वतःच बोलून दाखवतो. माणसाचा जीव घ्यायचा असेल तर ती फेडून घ्यायलाच हवी.

म्हणून तो दरबारात भुतानं सांगितलेल्या खुनासारख्याच गोष्टीच्या नाटकाचा खेळ लावतो, क्लॉडिअस दचकतो का ते बघायला. त्यातला एक तपशील सहज नजरेतून सुटतो. त्या खेळात राजाच्या कानात विष ओतणारा ल्युशिएनस हा राजाचा भाऊ नाही, पुतण्या आहे, आणि हे हॅम्लेट स्वतःच मोठ्यानं सांगतो. क्लॉडिअस ताडकन उठला तो स्वतःचं पाप आठवून, की पुतण्यानं भर दरबारात दिलेली धमकी ऐकून? हॅम्लेटची खात्री पटते, पण दरबाराला काहीच उमगलेलं नसतं. क्लॉडिअस एकटा असताना देतो ती खुनाची कबुली आपण प्रेक्षक ऐकतो, हॅम्लेटनं ती कधीच ऐकलेली नाही. आपल्याला असलेली माहिती आपण त्याच्या पदरात घालतो आणि मग तो थांबला म्हणून त्याच्यावर चिडतो.

प्रार्थनेच्या प्रसंगाबद्दल तुम्ही लिहिलंत, तिथे मात्र मी त्याची बाजू घेणार नाही. क्लॉडिअस गुडघे टेकून बसला आहे, एकटा आहे. हॅम्लेट तलवार उपसतो आणि परत म्यान करतो. प्रार्थना करताना मारला तर हा स्वर्गात जाईल, त्यापेक्षा पाप करताना गाठू म्हणजे थेट नरकात जाईल, असं तो म्हणतो. इंग्रज समीक्षक सॅम्युअल जॉन्सनना हे भाषण वाचायलाही भयंकर वाटलं. कवी-समीक्षक कोलरिजनं ती टाळाटाळीची सबब मानली. मला वाटतं हॅम्लेट खरंच बोलतो आहे. तो इथे भित्रा नाही, क्रूर आहे. नुसत्या जिवावर त्याचं समाधान होत नाही, म्हणून तो थांबतो.

आणि लगेच पुढच्या प्रवेशात तो आईच्या महालात आहे. पडद्याआडून कुणीतरी ओरडतं. तो पडदा बाजूला करून बघत नाही, आरपार तलवार खुपसतो, आणि "राजा आहे का?" हे नंतर विचारतो. मेलेला असतो राजाचा मंत्री पोलोनिअस. तुम्हाला हवं तसं तो इथे अगदी तंतोतंत वागला: विचार नाही, खातरजमा नाही, सरळ वार. त्याची मुलगी ओफेलिया हिचं वेड आणि मुलगा लेअर्टिस याचा सूड या एका वारातून निघाले. सगळ्यांचा घात हॅम्लेटच्या दिरंगाईनं झाला असं म्हणताना हा पडदा विसरून कसं चालेल?

अर्जुनाचं उदाहरण मला इथे लागू वाटत नाही. त्याच्यापुढे युद्ध जाहीर झालेलं आहे, शत्रू कोण ते ठरलेलं आहे, आणि रथावर कृष्ण बसलेला आहे. महाभारतातच तुलना शोधायची तर मी अश्वत्थाम्याची करीन. त्याचाही बाप कपटानं मारला गेला. रात्री वडाखाली त्यानं घुबडाला झोपलेले कावळे मारताना पाहिलं आणि बेत ठरवला. सकाळपर्यंत थांब, असं कृपाचार्य सांगत होते. तो थांबला नाही. धृष्टद्युम्न मेला, बापाचा सूड पुरा झाला, पण त्याच रात्री द्रौपदीची पाचही मुलं कापली गेली. आपल्याकडे अजूनही म्हणतात की तो कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत हिंडतो.

एक गोष्ट तुमची बरोबर आहे. भूत भेटल्यापासून खेळ लागेपर्यंत सुमारे दोन महिने जातात आणि त्या काळात तो ठोस काही करत नाही. पण स्वतःला भित्रा म्हणवून घेण्याचं चौथ्या अंकातलं जे स्वगत तुम्ही पुरावा म्हणून दिलंत, ते १६०४-०५ च्या छापील प्रतीत आहे, १६२३ च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या एकत्रित आवृत्तीत, नाही. त्याच्याशिवायही नाटक उभं राहतं. आणि माणूस रागाच्या भरात स्वतःला जे बोलतो, त्यालाच त्याच्याविरुद्धचा निकाल समजू नये.

शेवटी तो क्लॉडिअसला मारतो तेही योगायोगानं, असं तुम्ही म्हणता. त्याआधी काय घडतं ते बघा. हॅम्लेट आणि लेअर्टिस यांच्या तलवारबाजीत राजानं हॅम्लेटसाठी ठेवलेल्या विषानं राणी, त्याची आई, कोसळली आहे आणि मरता मरता लेअर्टिस भर दरबारात राजाकडे बोट दाखवतो. भुताखेरीज पहिला साक्षीदार आत्ता मिळाला. तरीही हॅम्लेट वार करतो तेव्हा दरबारी "राजद्रोह, राजद्रोह" म्हणूनच ओरडतात. इतकं डोळ्यांदेखत घडूनही ते असं ओरडत असतील, तर भुताच्या शब्दावर पहिल्याच रात्री केलेल्या वाराला ते काय म्हणाले असते? हॅम्लेटचा मित्र होरेशिओ उरलेलं विष प्यायला निघतो तेव्हा हॅम्लेट त्याच्या हातून प्याला ओढून घेतो तो यासाठीच. खरं काय घडलं ते सांगायला कुणी उरलं नाही, तर डेन्मार्कच्या लेखी तो राजाचा मारेकरीच राहणार असतो.