लेखी युक्तिवाद ‘कधीही’ देता येत नाही

‘दिवाणी दाव्यात निकालाच्या आदल्या दिवसापर्यंत कितीही लेखी युक्तिवाद द्या, कोर्टाला घ्यावाच लागतो’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि त्यावर विसंबणाऱ्या पक्षकाराचं नुकसान होईल.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 18, नियम 2 नुसार लेखी युक्तिवाद कोर्टाच्या परवानगीने, तोंडी युक्तिवाद संपण्याआधी द्यायचा असतो. तो थोडक्यात, वेगवेगळ्या मथळ्यांखाली हवा. त्याची प्रत त्याच वेळी समोरच्या पक्षाला द्यावी लागते. लिहायला वेळ हवा म्हणून तारीखही सहजी मिळत नाही; त्यासाठी कोर्टाला कारणं नोंदवावी लागतात. व्यापारी दाव्यांत मात्र तोंडी युक्तिवादानंतर एका आठवड्यात सुधारित लेखी युक्तिवाद देता येतो, तोही परवानगीनेच.

कैफियतीनंतरची (म्हणजे दाव्याला प्रतिवादीने दिलेल्या लेखी उत्तरानंतरची) जादा कैफियत हा वेगळा विषय आहे, कृपया गल्लत करू नका.