खडू जवळ ठेवा

केमिकल प्लँटमध्ये प्रोजेक्ट इंजिनियर म्हणून रुजू होताय? अभिनंदन. लोटे एमआयडीसीत केस पांढरे केलेल्या माणसाचं जरा ऐका.

पी अँड आयडी, म्हणजे प्लँटमधल्या पाइप-उपकरणांचं मूळ ड्रॉइंग, मंजूर होण्याची वाट बघू नका. आधी पाइपिंग उभं करा, मग त्याच्याकडे बघत ड्रॉइंग काढा.

पर्चेसशी भांडू नका. पाइपच्या सांध्यातली गळती रोखायला तुम्ही धातूची पट्टी गुंडाळलेलं स्पायरल वाउंड गास्केट लिहिलंत, आलं साधं. गास्केट ते गास्केट.

स्टार्ट-अपची तारीख विचारू नका. ती गुरुजींनी काढलेली असते.

आणि सुट्टी मुळीच घेऊ नका. मी गेल्या रविवारी घेतली, मेहुणीच्या साखरपुड्याला. सोमवारी येऊन बघतो तर हीट एक्स्चेंजरला वळसा घालून चार इंची बायपास लाइन तयार! आत पटकन पेटणारं टोल्युइन, खाली आधाराला स्कॅफोल्डिंगचा पाइप, वर बाइंडिंग वायर. ड्रॉइंग मागितलं तर फिटरने फरशीकडे बोट दाखवलं. खडूने काढलेलं, अर्धं बुटांनी पुसलेलं. हायड्रोटेस्ट? "साहेब, टेम्पररी आहे ना!" म्हणजे आता टोल्युइनला सांगायचं, बाबा रे, जरा बेताने वाहा, टेम्पररी आहे. दीडपट दाबाने पाणी भरून तपासायला अर्धा दिवस लागतो. तोही नव्हता यांच्याकडे. वर मलाच ऐकवतात, "तुम्ही नेहमी अडवता."

इंग्लंडात फ्लिक्सबरोच्या केमिकल प्लँटमध्ये १९७४ साली पाच नंबरचा रिअ‍ॅक्टर काढला आणि चार-सहाच्या मध्ये वीस इंची पाइप टाकला. त्याचंही ड्रॉइंग वर्कशॉपच्या फरशीवर खडूनेच काढलेलं, आणि आधाराला स्कॅफोल्डिंगच. पाइप तेवढा टेम्पररी होता. १ जूनला सायक्लोहेक्झेनचा ढग पेटला आणि २८ माणसं गेली. शनिवार होता, ऑफिस रिकामं होतं, म्हणून तेवढ्यावर भागलं.

नाही जमत मला आता चेष्टा. लाइन टाका म्हणणारे तुम्ही संध्याकाळी पाचला गाडीत बसून चिपळूणला जाता. रात्रपाळीला त्या लाइनखाली आसपासच्या गावांतली कंत्राटी पोरं उभी असतात. त्यांच्या घरच्यांना काय सांगणार होतात, टेम्पररी होतं? प्लँटमध्ये काही बदलण्याआधी भरायचा चेंज कंट्रोलचा फॉर्म एक पानाचा आहे हो. एक पान! ते भरायला हात दुखतात तुमचे?

लाइनला दोन्हीकडून ब्लाइंड, म्हणजे वाट बंद करणारी चकती, मारली आहे मी. काढायची असेल त्याने लेखी द्यावं, स्वतःच्या नावानिशी.