‘४५,००० पंथ’ म्हणणाऱ्यांनी एकदा नागपूरच्या सदरला यावं

नाताळ जवळ आला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. ख्रिस्ती लोकही तो पुढे ढकलतात, कधी चिडून, कधी ‘खरं आहे हो’ म्हणत. मजकूर थोडक्यात असा: “ख्रिस्ती धर्मात ४५,००० पंथ आहेत. प्रत्येकाचं बायबल वेगळं. एकाचा बाप्तिस्मा दुसऱ्याला चालत नाही. दोन हजार वर्षं हे लोक फुटतच आलेत, एकदाही जुळले नाहीत. आणि हे जगाला प्रेम शिकवणार!”

शेवटचा टोमणा राहू द्या, तो आम्ही घरचेच एकमेकांना मारत असतो. बाकीच्या चार विधानांचं बघू. त्यातलं चौथं नागपूरच्या माणसाने पुढे पाठवावं याचं मला विशेष वाटतं, पण त्याच्याकडे नंतर येतो.

आधी आकडा. तो हवेतून आलेला नाही. अमेरिकेतल्या गॉर्डन-कॉनवेल सेमिनरीचं एक अभ्यासकेंद्र जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्यांची मोजदाद ठेवतं, त्यांच्या काही वर्षांपूर्वीच्या तक्त्यात ४५,००० च्या आसपासचा आकडा होता. पण तिथे मोजणी देशागणिक होते. त्यामुळे एकाच पोपच्या हाताखालचं रोमन कॅथलिक चर्च त्या यादीत दोनशेहून जास्त वेळा येतं, कारण ते दोनशेहून जास्त देशांत आहे. स्टेट बँकेची लंडनची शाखा एक बँक, दुबईची दुसरी बँक, असं धरल्यासारखं झालं हे. अँग्लिकन, लुथरन, मेथडिस्ट यांचीही तीच गत. जगातले साधारण निम्मे ख्रिस्ती एकट्या कॅथलिक चर्चमध्ये आहेत, ही गोष्ट मजकुरात कुठेच येत नाही. कशी येईल? मग आकड्याची हवाच जाते.

उरलेल्यांत मोठा भरणा स्वतंत्र मंडळ्यांचा. आपल्याकडेही दिसतात: वरच्या मजल्यावर भाड्याचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक कीबोर्ड, खोलीच्या मानाने फार मोठे स्पीकर आणि एक पास्टर. यातल्या काही भांडून बाहेर पडलेल्या असतात, ते नाकारत नाही. पण बऱ्याचशा कुणापासून फुटलेल्याच नसतात, नव्याने सुरू झालेल्या असतात. त्यांच्या शिकवणीतला फरक शोधायला गेलात तर फारसं काही हाती लागत नाही. फरक बहुतेक वेळा फलकावरच्या नावात सापडतो.

“प्रत्येकाचं बायबल वेगळं.” हे चटकन उरकतो. नवा करार सगळ्यांचा एकच, २७ पुस्तकांचा. फरक जुन्या करारात: प्रॉटेस्टंटांची ३९ पुस्तकं, कॅथलिकांची ४६, म्हणजे तोबीत, यहुदीथ, मक्काबी वगैरे जास्तीची. ऑर्थोडॉक्सांकडे आणखी थोडी. येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं सगळ्यांकडे तीच. इ.स. ३२५ मध्ये निकेयाच्या परिषदेत सुरू झालेला मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरीव कबुली, कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक जुनी प्रॉटेस्टंट चर्चेस आजही म्हणतात. त्यातल्या पवित्र आत्म्याविषयीच्या एका शब्दावरून पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची चर्चेस शतकानुशतकं भांडली हेही खरं, पण ते भांडण एकाच मसुद्यावरचं होतं.

बाप्तिस्म्याचं विधान मात्र अर्धं खरं आहे. पेंटेकॉस्टल आणि बाप्टिस्ट मंडळ्यांपैकी पुष्कळजण लहानपणी डोक्यावर पाणी घातलेला बाप्तिस्मा धरत नाहीत. मोठेपणी, समजून उमजून, पाण्यात बुडवूनच घ्यायला लावतात. पण कॅथलिक आणि सी.एन.आय., म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे प्रॉटेस्टंट चर्च, यांच्यात बघा. सी.एन.आय.चा मुलगा कॅथलिक मुलीशी लग्न करायचं म्हणतो तेव्हा फादर त्याच्याकडे बाप्तिस्म्याचा दाखला मागतात. तो दाखला खरा निघाला की त्याला पुन्हा पाण्याखाली नेत नाहीत. कॅथलिक कायद्याने अशा लग्नाला बिशपची परवानगी लागते, पण लग्न दोन बाप्तिस्माप्राप्त ख्रिस्ती लोकांचं म्हणूनच नोंदलं जातं, आणि त्यांच्या लेखी तो पूर्ण संस्कार ठरतो. पाद्रीसाहेबांच्या सहीचा, कडा झिजलेला तो कागद फादरांच्या टेबलावर चालतो. ‘एकाचा दुसऱ्याला चालत नाही’ म्हणणाऱ्याने तो कधी पाहिलेला नसावा.

खरी अडचण पुढे येते, लग्नानंतरच्या रविवारी. मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, बायको प्रभुभोजनाची भाकर घ्यायला उठून रांगेत जाते, नवरा बाकावर बसून राहतो, कारण बाप्तिस्मा मान्य असला तरी प्रभुभोजन एकत्र नाही. ही फूट खरी आहे, दुखणारी आहे, आणि तिच्याबद्दल मजकुरात अवाक्षर नाही.

आता चौथं विधान: एकदाही जुळले नाहीत.

२९ नोव्हेंबर १९७०. जागा सदरचं ऑल सेंट्स कॅथेड्रल. त्या दिवशी सहा चर्चेस आपापली नावं सोडून एक झाली आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरेचं युनायटेड चर्च, बाप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन शाखेचे मेथडिस्ट, आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट. बोलणी १९२९ पासून चालली होती, म्हणजे ४१ वर्षं. बिशप असावा की नसावा, लहान मुलांना बाप्तिस्मा द्यावा की नाही, हे युरोपात ज्यावरून माणसं देशोधडीला लागली, तुरुंगात गेली, असे प्रश्न. इथे तोडगा काय निघाला? बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती एकाच चर्चमध्ये मान्य. ज्यांना हवा ते बाळाचा बाप्तिस्मा करतील. ज्यांना नको ते बाळाचं अर्पण करतील आणि बाप्तिस्मा मोठेपणी होईल. सेवकपदाचा, म्हणजे कुणाचे पाळक खरे याचा, पेचही असाच सोडवला: निरनिराळ्या परंपरांतल्या सेवकांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, कुणाची दीक्षा आधी खोटी होती असं कुणाला म्हणावं लागलं नाही. दक्षिणेत १९४७ मध्येच चर्च ऑफ साउथ इंडिया झालं होतं, पण बाप्टिस्ट आणि अँग्लिकन एका छताखाली आणणं नागपूरला जमलं.

नागपूरलाच का, याची मुळं जुनी आहेत. विदर्भात पंथ आले ते आगबोटीने, मतभेद करून नव्हे. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमधून साडेचारशेहून जास्त पाळक बाहेर पडले. वाद देवाविषयी नव्हता. जमीनदाराने मंडळीवर पाळक लादावा की नाही, याचा होता. बाहेर पडलेल्यांच्या फ्री चर्चने १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप यांना नागपूरला पाठवलं, ज्यांच्या नावाचं कॉलेज आजही आहे. स्कॉटिश जमीनदाराशी नागपूरच्या ख्रिस्ती माणसाचं काय देणंघेणं? पण तो झाला प्रेस्बिटेरियन. पुढे मिशनांनी आपसांत मुलूख वाटून घेतले: यवतमाळला फ्री मेथडिस्ट, वाशिमला नाझरीन, अकोल्याला ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, चांद्याला स्कॉटिश एपिस्कोपल. आजोबा कुठल्या तालुक्यात राहत होते त्यावर नातवाचा पंथ ठरला. आणि तिकडे स्कॉटलंडमध्ये ते फुटलेलं चर्च १९२९ मध्ये पुन्हा जुळलंसुद्धा.

मराठी माणसाला हे कप्पे फारसे कधी पेललेच नाहीत. रेव्हरंड ना. वा. टिळकांचंच घ्या. नागपुरात राहिलेले. आगगाडीने राजनांदगावला जाताना त्यांच्या हाती नवा करार पडला तो एका फ्री मेथडिस्ट मिशनऱ्याकडून. बाप्तिस्मा झाला १८९५ मध्ये मुंबईत, अमेरिकन मराठी मिशनमध्ये. आणि १९१७ मध्ये मिशन सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. त्यांची भजनं आज कुठल्या पंथाची, असा प्रश्न गाणाऱ्याला पडत नाही.

एकीचे गोडवे गाणारा लेख मला लिहायचा नाही. १९७० च्या त्या दिवशी सातवी जागा रिकामी होती. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट बोलण्यांत वर्षानुवर्षं होते आणि ऐन वेळी त्यांनी अंग काढून घेतलं. १९८१ पासून त्यांचं मेथडिस्ट चर्च इन इंडिया वेगळंच आहे. जुळलेल्यांतही जमिनी कुणाच्या यावरून कज्जे झाले. गुजरातच्या ब्रदरनांचा तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ मध्ये त्यांचं एकीकरण कायद्याप्रमाणे झालंच नव्हतं असा निकाल लागला. देवाच्या नावाने जुळतात आणि सातबाऱ्यावरून फाटतात, हे कुणी लिहिलं असतं तर मी निमूट ऐकून घेतलं असतं.

मजकूर लिहिणाऱ्याला खरोखर वर्मावर बोट ठेवायचं असतं तर ४५,००० ची गरजच नव्हती. जातीचं एक वाक्य पुरलं असतं. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये स्वतःच कबूल केलं की चर्चमध्ये दलितांशी भेदभाव होतो. ही भेग कुठल्याच पंथांच्या यादीत मोजली जात नाही, कारण ती दोन चर्चेसच्या मधून जात नाही, एकाच चर्चच्या आतून जाते. दुसरीकडे, दलित ख्रिस्ती लोकांना अनुसूचित जातीच्या सवलती नाकारणारा १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश पंथ विचारत नाही. त्याच्या निषेधाचा १० ऑगस्टचा काळा दिवस कॅथलिक बिशपांची परिषद आणि प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स चर्चेसची राष्ट्रीय परिषद मिळून पाळतात. त्या राष्ट्रीय परिषदेचं मुख्यालय आपल्याच नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे.

आणि ख्रिस्ती वधू-वरांच्या जाहिराती वाचून बघा. ‘कॅथलिक, प्रॉटेस्टंट, कोणताही पंथ चालेल’ असं मोकळ्या मनाने लिहिणारी घरं असतात. त्याच घरांपैकी पुष्कळांनी जातीचा रकानाही भरलेला असतो, आणि तिथे ‘कोणतीही चालेल’ असं क्वचितच वाचायला मिळतं.